एकाच घरातली दोन खेडी

'ताई, आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि पंधरा महिन्यांचा मुलगा असे चौघं वर्षभरासाठी म्हणून शहर सोडून खेड्यात राहायला आलो. नवऱ्याचं काम घरबसल्या चालतं. मी नोकरीतून वर्षाची बिनपगारी रजा घेतली. आता सहावा महिना सुरू आहे. मुलगी इतकी खुलली आहे की ओळखू येऊ नये. नवरा रोज सकाळी रानात फिरून येतो, पक्षी बघतो, त्याने कोंबड्या पाळल्यात, शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांकडून कलमं बांधायला शिकतोय. जवळच जमिनीचा एक तुकडा विकायला निघालाय, तो घेऊ या आणि इथंच राहू या, असं त्याचं सुरू आहे. मी पहाटे वीज असते तेवढ्यात उठून विहिरीवरची मोटर लावते, अंगणातल्या टाकीतून घरात पाणी भरते, प्यायचं उकळते, बाळाचं धुते, मुलीला शाळेत सोडते, आणते. संध्याकाळ झाली की मला रडू येतं. बाळाला जरा कणकण वाटली तरी माझे हातपाय गळतात, कारण दवाखाना पाऊण तासावर आहे. मनातलं बोलायला कुणी नाही. शहरातल्या मैत्रिणी फोटो बघून "किती नशीबवान आहेस" म्हणतात. मीच नाजूक आहे का? मुलीचं एवढं सुख समोर दिसत असताना परत जाऊ या म्हणणं हा स्वार्थ आहे का?
– सहाव्या महिन्यातली'

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेतली आणि नुसत्या क्रियापदांखाली रेघा मारत गेले. नवऱ्याची क्रियापदं अशी: फिरून येतो, बघतो, पाळतो, शिकतो. तुझी: उठते, लावते, भरते, उकळते, धुते, सोडते, आणते. आणि या सगळ्यांच्या शेवटी रडू येतं. एवढं सगळं ओढून संध्याकाळी रडू आलं नसतं तर मला जास्त काळजी वाटली असती. तू नाजूक नाहीस. तुम्ही दोघं एका छपराखाली राहूनही वेगवेगळ्या खेड्यांत राहताय, आणि तुझ्या वाट्याला आलेल्या खेड्यात कुणालाही जमिनीचा तुकडा घ्यावासा वाटणार नाही.

त्याच्यावर राग काढण्यासाठी हे लिहीत नाहीये. तुझ्या पत्रातलं त्याचं खेडं खोटं नाही. सकाळचा उजेड, पक्षी, हाताला लागणारी माती, एका जाणत्या माणसाने मनापासून शिकवलेलं कलम, हे सगळं खरं आहे आणि मोलाचं आहे. फक्त ते त्याला मिळावं म्हणून जे काम करावं लागतं, ते त्याच्या नजरेआड होतंय. शहरात पाणी नळाने येतं, कचरा कुणीतरी उचलून नेतं, दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे असतो. खेड्यात आल्यावर ही सगळी कामं उंबरठा ओलांडून घरात शिरतात, आणि घरात शिरलेलं काम बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या गळ्यात पडतं. ठरवून कुणी तसं करत नाही. तुझी रजा आहे, त्याचं काम चालू आहे, म्हणून आपसूक तसं होत गेलं असणार.

आम्हीही असंच एक वर्ष काढलं होतं. मुलगा चार वर्षांचा होता, मुलगी नऊ महिन्यांची. भाड्याचं घर, मागे विहीर, पुढे मोकळं रान. तिसऱ्या महिन्यातच माझी पाठ धरली. वाटलं, मला हे झेपत नाही, माझ्यातच काहीतरी कमी आहे. मग एका रात्री झोप येईना म्हणून कागद घेऊन नुसता हिशेब केला. माणसाच्या मूलभूत गरजांना रोज साधारण 50 ते 100 लिटर पाणी लागतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कमीत कमी धरलं तरी चौघांचं 200 लिटर. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणजे मी रोज दोन क्विंटल ओझं उचलत होते, वीस-वीस लिटरच्या दहा बादल्यांत, एका काखेत बाळ घेऊन. तो आकडा कागदावर बघितला आणि बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली. काही सुटलं नव्हतं, पण माझ्यात काही कमी नाही हे कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या भिंतीला एक वही टांगली. सात दिवस, ज्याने जे काम केलं त्याने ते लिहायचं आणि पुढे किती वेळ लागला ते. भांडण नाही, टोमणे नाहीत, नुसती नोंद. रात्री बाळासाठी उठणं, मोटरपाशी थांबून राहणं, दवाखान्याची वेळ विचारायला केलेला फोन, सगळं. आठव्या दिवशी आम्ही दोघं ती वही घेऊन बसलो. माझ्या नवऱ्याने ती शेवटपर्यंत वाचली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग आम्ही अदलाबदल केली. सहा आठवडे पहाटेचं पाणी, बाळाच्या रात्री आणि मुलाला शाळेत सोडणं त्याच्याकडे, सकाळचं फिरणं आणि वाफे माझ्याकडे. दहाव्या दिवशी त्याने गवंड्याला बोलावून उंच ओट्यावर टाकी बसवली आणि तिथून स्वयंपाकघरात नळ आणला. म्हणजे तो नळ पहिल्या दिवसापासून येऊ शकत होता. पाणी ज्याच्या हातून जात होतं त्याच्याकडे गवंड्याला बोलवायला उसंत नव्हती, आणि ज्याच्याकडे उसंत होती त्याच्या हातून पाणी जात नव्हतं, एवढंच.

म्हणून पहिली गोष्ट ही करा. वही टांगा, आणि मग सहा आठवडे कामांची अदलाबदल. 'मदत' हा शब्द घरात वापरू नका. मदत म्हटलं की काम कुणाचं हे आधीच ठरून जातं. पाणी त्याचं म्हणजे पाण्याची काळजीही त्याची: मोटर बिघडली तर कुणाला बोलवायचं, वीज गेली तर काय करायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात असायला हवं. तू त्या पहाटे झोप किंवा रानात जा. तो रोज जे बघून येतो ते तू सहा महिन्यांत किती वेळा पाहिलंस, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

आता तुझी भीती. ती काढून टाक असं मी सांगणार नाही, कारण तिच्यातली बरीचशी रास्त आहे. लहान मूल घेऊन दवाखान्यापासून पाऊण तासावर राहणाऱ्या आईला धास्ती वाटणारच. पण ही धास्ती संध्याकाळी एकटीने उराशी धरून बसण्यापेक्षा तिचे तुकडे करून एकेकाला हात घातलेला बरा.

सुरुवात पाण्यापासूनच. तू पाणी उकळतेस हे चांगलं, पण किती वेळ? बऱ्याच घरांत वीस-वीस मिनिटं भांडं चुलीवर ठेवतात. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं, समुद्रसपाटीपासून 2000 मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर तीन मिनिटं. तेवढ्यात जंतू मरतात, आणि तुझा वेळ आणि जळण दोन्ही वाचतं. पण उकळून सगळंच जातं असं नाही. शेतातलं खत किंवा शोषखड्ड्यातली घाण झिरपून विहिरीत नायट्रेट उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळलं की वाफ उडते आणि नायट्रेट मागे राहतं, म्हणजे त्याचं प्रमाण उलट थोडं वाढतं. एका लिटरमध्ये 50 मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा आहे. सर्वांत जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळांना असतो, आणि तुझं बाळ त्या वयाच्या पुढे गेलंय. तरी जंतूंची आणि नायट्रेटची अशा दोन्ही तपासण्या एकदा करून घ्या. विहिरीची भीती निम्मी तरी त्या कागदाने जाईल, किंवा पाणी दुसरीकडून आणायचं हे ठरेल. दोन्हीपैकी काहीही झालं तरी आत्ताच्या अधांतरी अवस्थेपेक्षा बरं.

पंधरा महिन्यांचं मूल म्हणजे आता धावायला लागलेलं. मला विचारशील तर सापापेक्षा, तापापेक्षा मला या वयात पाण्याच्या बादलीची भीती जास्त वाटते. मूल बुडताना ओरडत नाही, आवाज होत नाही, आणि त्याला वीतभर पाणीही पुरतं. रिकाम्या नसलेल्या बादल्या, अंगणातली टाकी, विहिरीचा कठडा, कोंबड्यांसाठी भरून ठेवलेलं घमेलं, हे सगळं आजच्या आज गुडघ्यांवर बसून त्याच्या उंचीवरून बघा. टाकीला कडी लागणारं झाकण हवं. विहिरीभोवती मुलाला चढता येणार नाही असं कुंपण हवं, नुसता कठडा पुरत नाही. शेतीच्या औषधांची बाटली घरात किंवा पडवीत कुणी ठेवली असेल तर ती कुलपात गेली पाहिजे. आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवलेलं औषध तर कुणाच्याही घरात दिसलं तरी बोल, संकोच करू नकोस.

सापाबद्दल तू लिहिलं नाहीस, पण रात्री उठताना तुझ्या मनात येत असणार. तुमच्या भागात विषारी साप असतील तर तुझ्या नवऱ्याच्या कोंबड्यांशी त्यांचा थेट संबंध आहे. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. दाणे पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, खुराड्याखालची जागा रोज झाडलेली, घराला टेकून लाकडांचा ढीग नाही, रात्री बाहेर पडताना पायात बूट आणि हातात बॅटरी, एवढं केलं की बराच धोका कमी होतो. दंश झालाच तर चीर द्यायची नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठी, बांगडी, पैंजण लगेच काढायचं, कारण सूज चढते. तो अवयव फळीला बांधून हलू द्यायचा नाही, माणसाला चालायला लावायचं नाही आणि थेट ज्या दवाखान्यात प्रतिविष असतं तिथे न्यायचं. कुठल्या दवाखान्यात ते असतं हे आज, शांत डोक्याने, फोन करून विचारून ठेवा. सगळ्या दवाखान्यांत ते असतंच असं नाही, आणि चुकीच्या दारात गेलेला अर्धा तास फार महाग पडतो.

तापाचं असं आहे की ताप स्वतः क्वचितच धावपळीचं कारण असतो. काय बघायचं ते माहीत असलं की हातपाय गळणं कमी होतं. मूल शांत असताना, छातीकडे बघत, पूर्ण एक मिनिट श्वास मोज. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त असले तर ते जलद समजतात आणि त्याच दिवशी दाखवावं लागतं. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणं, झटके येणं, मूल जागंच न होणं, काहीच न पिणं किंवा प्यालेलं सगळं उलटून टाकणं, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता निघायचं. जुलाबांसाठी मीठ-साखरेच्या तयार पुड्या घरात कायम असू द्या. दोन्ही मुलांच्या लसी पूर्ण आहेत ना, विशेषतः धनुर्वाताची, हे बघ, आणि तुमच्या दोघांचीही. धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात आणि नवरा दिवसभर मातीत हात घालतोय. दूध थेट गोठ्यातून येत असेल तर तापवल्याशिवाय मुलांना देऊ नका, ते कितीही ताजं असलं तरी.

आणि आता यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. येत्या शनिवारी, घरात कुणीही आजारी नसताना, रात्री अकरा वाजता सगळ्यांनी गाडीत बसा आणि दवाखान्यापर्यंत जाऊन या. गाडी तू चालव. येत नसेल तर शिकणं आजपासून सुरू. किती वेळ लागतो, रस्ता कुठे खचलाय, फोनला रेंज कुठे लागते, दवाखान्याचं रात्रीचं दार कुठलं, हे एकदा डोळ्यांनी बघ. परत येताना ठरवा की तसा प्रसंग आला तर मुलीला कुणाकडे सोडायचं, आणि त्या घरी जाऊन तसं विचारून ठेवा. आम्ही हे चौथ्या महिन्यात केलं. पाऊण तास पाऊण तासच राहिला. पण अंधारात तो माझ्या मनात दोन तासांचा झाला होता, तो मात्र पुन्हा पाऊण तासावर आला.

मुलीला सोडायला ज्या घरी विचारायला जाशील, तिथूनच तुझा एकटेपणा सैल व्हायला सुरुवात होईल असं मला वाटतं. खेड्यात ओळख गप्पांनी होत नाही, कामाने होते. कुणाकडे काहीतरी मागावं लागतं, मग ते कधीतरी आपल्याकडे मागायला येतात. तू सहा महिने सगळं एकटीने निभावून नेलंस, त्यामुळे लोकांना तुझ्या दारात यायला निमित्तच सापडलं नसेल. आठवड्यातला एक ठरलेला दिवस आणि एक ठरलेली वेळ कुणासोबत तरी बांधून घे, मग ते एकत्र कपडे शिवणं असो की मुलांना खेळवणं. आणि नशीबवान म्हणणाऱ्या मैत्रिणींपैकी एकीला, फक्त एकीला, मला लिहिलंस तसं खरं पत्र लिही. फोटो पाठवू नकोस.

कातरवेळेला मन खाली बसतं, हा अनुभव पुष्कळांचा आहे. त्यात खेड्यातला अंधार एकदम दाटून येतो, आणि दिवसभर कामाने दाबून ठेवलेलं वर यायला तीच वेळ सापडते. पण एक गोष्ट मी सरळ विचारते. हे फक्त संध्याकाळीच होतं का? दोन आठवड्यांहून जास्त दिवस, दिवसातला बराचसा वेळ मन उदास असेल, झोप किंवा भूक बदलली असेल, पूर्वी आवडायचं त्यातलं काहीच आवडत नसेल, बाळाला घेतानाही आत काही हलत नसेल, तर ते खेडं आवडण्या-नावडण्याच्या पलीकडचं आहे. ते नैराश्य असू शकतं, ते बाळ वर्षाचं झाल्यावरही असू शकतं, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मग टाकी, वही, जमीन सगळं नंतर, आधी डॉक्टर. आणि मरण्याचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार एकदाही येऊन गेले असतील, तर हे वाचून झाल्याबरोबर नवऱ्याला सांग, उद्यावर टाकू नकोस.

आता मुलगी. तिचं सुख खरं आहे आणि ते कशाकशाने आलंय हे नीट पाहिलं पाहिजे, कारण तुझा सगळा अपराधीपणा तिथे अडकलाय. उघड्यावर घालवलेल्या वेळाचा मुलांना होणारा फायदा हा नुसता कवितेचा विषय नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांतल्या सहा-सात वर्षांच्या मुलांचा तीन वर्षं अभ्यास झाला. निम्म्या शाळांनी रोज 40 मिनिटांचा जादा तास उघड्यावर घेतला. 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा उघड्यावर तास झालेल्या शाळांत तीन वर्षांत लघुदृष्टी, म्हणजे लांबचं अंधुक दिसणं, जडलेली मुलं 30.4 टक्के होती, बाकीच्या शाळांत 39.5 टक्के. लक्षात घे, हा फरक एका मोठ्या शहरात, शाळेच्या आवारात, रोज 40 मिनिटांत पडला. दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांवरचा, 2016 सालचा. दोघांचे पूर्वज मध्य युरोपातले, राहणी बरीच सारखी, दोघेही खेड्यातच. पण आमिश मुलांत दम्याचं प्रमाण सुमारे 5 टक्के आणि हटराइट मुलांत सुमारे 21. आमिशांची गुरं घराला लागून असतात आणि मुलं लहानपणापासून गोठ्यात वावरतात, तर हटराइटांची शेती यंत्रांवर चालते आणि घरांपासून दूर असते. संशोधकांनी या फरकाचा धागा आमिश घरांतल्या धुळीपर्यंत नेला. म्हणजे खेड्यात राहणं एवढ्यानेच सगळं होत नाही. मूल रोज कशाच्या सहवासात असतं ते महत्त्वाचं ठरतं.

हे सांगण्याचं कारण, तुझ्या मुलीला जे मिळतंय त्यातलं पुष्कळ काही तुम्ही जाल तिथे थोडंफार सोबत नेता येईल: रोज दोन तास बाहेर, घाईत नसलेले आईवडील, एक जनावर, खणायला जमिनीचा कोपरा. शहरात ते मिळवायला धडपड करावी लागेल, पण ते अशक्य नाही. मैत्रिणी मात्र नेता येणार नाहीत, आणि त्यासाठी ती रडेल. तिला रडू दे. तिला पहिल्या दिवशी एक वर्ष म्हणून सांगितलं होतं का? असेल तर तो शब्द अजून तसाच आहे, आणि तिच्यासमोर जमिनीच्या गोष्टी काढणं नवऱ्याने आजपासून थांबवावं. 'तुला कुठे राहायला आवडेल?' असं तिला कुणीही विचारू नये. सात वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर आईवडिलांमधला निर्णय ठेवायचा नसतो.

जमीन घेऊ नका. निदान आत्ता तरी मुळीच नको. तुम्ही अजून अर्धंच वर्ष पाहिलंय. विहीर सगळ्यात खाली जाते तेव्हा तिच्यात किती पाणी उरतं, सगळ्यात ओल्या दिवसांत त्या तुकड्यावर चिखल किती होतो आणि तिथपर्यंत गाडी पोहोचते का, हे बघितल्याशिवाय कुणीही जाणता शेतकरी जमीन घेणार नाही. शेजारच्या त्या गृहस्थांनाच विचारा. कोंबड्यांचंच बघ ना. दिवस लहान होत जातात तसं त्यांचं अंडी देणं कमी होतं, पिसं झडायला लागली की कित्येक आठवडे थांबतंच, आणि तेव्हाही दाणे तेवढेच लागतात. हे सगळं पाहूनही हवीशी वाटली तर तो विचार पक्का. मी नवऱ्याला एवढंच सांगेन: वर्ष पूर्ण होऊ दे, मग शहरात परत जाऊन तीन महिने राहा, आणि त्यानंतरही जमीन डोळ्यांसमोर येत राहिली तर रस्त्याचा हक्क, पाण्याचा हक्क आणि कागदपत्रं वकिलाकडून तपासून घेऊन दोघांनी मिळून ठरवा. दोघांनी म्हणजे तुझं नावही त्या कागदावर, आणि तुझी ना असेल तर ती ना.

त्याच्याशी बोलताना त्याच्या स्वप्नाला नावं ठेवू नकोस. त्याला नेमकं काय हवंय ते विचार. पुष्कळदा माणसाला सातबारा नको असतो, दिवसाचे काही तास हाताने काम करायला हवे असतात, वरिष्ठांच्या फोनपासून लांब असणारी एक सकाळ हवी असते. तसं असेल तर जमिनीशिवायही त्यावर बोलता येईल. तू त्याला म्हणू शकतेस, 'तुला जे आवडलंय ते मला अजून दिसलेलंच नाही. सहा आठवडे मला ते बघू दे, आणि माझं तू बघ. मग बोलू.' यात भांडण नाही आणि खोटेपणाही नाही.

तुझ्या नोकरीबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, बिनपगारी रजेची. म्हणजे सहा महिने घरात फक्त त्याचा पगार येतोय. तुझ्या स्वतःच्या खात्यात आज काय शिल्लक आहे आणि त्यातून तू न विचारता खर्च करू शकतेस का, हे एकदा बघ. नसेल तर दर महिन्याला ठरावीक रक्कम तिथे जायला हवी, कारण तुझ्या रजेवरच हे वर्ष उभं आहे. कामावर परत रुजू होण्याची तारीख कचेरीला लेखी कळवून ठेव. नंतर काही वेगळं ठरलं तर बदलता येईल, पण आज ती तारीख जागेवर असू दे.

आणि स्वार्थ. अदलाबदलीचे सहा आठवडे झाले, पाणी नळाला आलं, गाडी तुला चालवता येऊ लागली, दोन घरं ओळखीची झाली, आणि तरीही तुला परत जावंसं वाटलं, तर आठव्या महिन्यात परत जा. बारा महिने पूर्ण करण्याचं कुणाला वचन दिलेलं नाही, फक्त मुलीला निघण्याआधी महिनाभर तरी सांगा. एखाद्या ठिकाणी सगळी सोय असूनही मन रमत नाही, तेव्हा त्यात कुणाचाच गुन्हा नसतो. उलटही होईल कदाचित. मला आमच्या वर्षाचे शेवटचे चार महिने इतके आवडले की निघताना मीच मागे वळून बघत होते. पण तुझंही तसंच होईल असं मी सांगू शकत नाही, आणि ते तसं व्हावं म्हणून तू स्वतःला ताणावंस असंही मला वाटत नाही.

या आठवड्यात मात्र दोन गोष्टी नक्की कर: भिंतीला वही आणि शनिवारची रात्रीची फेरी. पाण्याच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेतूनच मागून घे. जंतूंच्या तपासणीला घरची धुतलेली बाटली चालत नाही, आणि भरलेली बाटली गार ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी लागते. ती पोहोचवायला नवऱ्याला पाठव.